दोन उमेदवार, एक जागा आणि पंचगंगा

पत्र

आदरणीय मॅडम, सा. न. वि. वि.

मी कोल्हापूरजवळच्या एका खासगी विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग विभागाचा प्रमुख आहे. आमच्याकडे असिस्टंट प्रोफेसरची एक कायम जागा मंजूर झाली आहे. पंचगंगेच्या 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर मी मॅनेजमेंटच्या मागे लागलो होतो, की नदी, तलाव आणि हवा यांतले प्रवाह आणि त्यांतून पसरणारं प्रदूषण यावर काम करणारा, म्हणजे एन्व्हायर्नमेंटल फ्लुइड डायनॅमिक्सचा माणूस आपल्याकडे हवाच. दोनदा जाहिरात दिली. अर्ज पुष्कळ आले, पण विषयाला धरून असलेले दोनच.

पहिला उमेदवार परराज्यातला आहे. आयआयटीतून पीएच.डी., परदेशात पोस्टडॉक. टर्ब्युलन्सचं, म्हणजे प्रवाहातल्या भोवऱ्यांच्या खळबळीचं, कॉम्प्युटर सिम्युलेशन करतो. पेपर भरपूर. मराठी येत नाही आणि नदीत कधी उतरलेला नाही. दुसरी मुलगी शिरोळ तालुक्यातली. पीएच.डी. एनआयटीतून, के.टी. वेअरच्या (कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या) खालच्या बाजूला सांडपाणी नदीत कसं मिसळतं यावर. पेपर थोडे. तिचं लग्न ठरलंय, मुलगा पुण्यात असतो.

मॅनेजमेंटला नॅकच्या मूल्यांकनासाठी आणि एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी पेपर हवेत. एक विश्वस्त म्हणतात, आपल्या भागातली मुलगी घ्या. दुसरे म्हणतात, ती वर्षभरात पुण्याला जाईल. मला वाटतं, पहिलासुद्धा दोन वर्षांत मोठ्या संस्थेत जाईलच. कोणाला घ्यावं? मुलाखतीत काय विचारावं? आणि घेतलेला माणूस टिकवावा कसा? जाहिरातीची प्रत सोबत जोडतो आहे.

आपला,
एक विभागप्रमुख

उत्तर

विभागप्रमुख सर, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि सोबतची जाहिरात तीनदा. उमेदवारांकडे वळण्याआधी जाहिरातीबद्दल बोलते, कारण तुमच्या अडचणीचं मूळ तिथं आहे.

जाहिरातीत ‘हायड्रॉलिक्स, सांडपाणी प्रक्रिया, जीआयएस, रिमोट सेन्सिंग, सीएफडी व मशीन लर्निंग यांचा अनुभव असल्यास प्राधान्य’ असं छापलंय. ही सहा कामं एका माणसाला येत नसतात. ज्याला एक विषय खोलवर येतो तो अशी जाहिरात वाचून मागे सरतो, आणि ज्याने सगळ्याला थोडा थोडा हात लावलाय तो अर्ज टाकतो. पुष्कळ अर्ज आणि कामाचे दोनच, हे त्यामुळे झालं. शिवाय त्या अख्ख्या पानात पंचगंगा हा शब्द एकदाही आलेला नाही. चेन्नईत किंवा झुरिकमध्ये बसून ती वाचणाऱ्या तरुणाला कोल्हापूरलाच का यावं, हे कुठून कळणार?

तुमच्या दारात काय आहे ते तुम्ही सांगितलंच नाही. मी तीस वर्षं फ्लुइड मेकॅनिक्स शिकवलं. त्यातली बरीच वर्षं मी मुलांना पाइपमधलं पाणी आणि फळ्यावरचा आयताकृती कालवा दाखवत राहिले आणि मनातून तुमच्यासारख्या गावाचा हेवा करत राहिले.

राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. पाऊस ओसरला तरी पाणी हटेना, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. खाली नरसोबावाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे सरकायला उतारच उरत नाही, फुगवटा मागे मागे येतो. तो नेमका कुठवर येतो? रस्त्यांच्या आणि पुलांच्या भरावांचा त्यात किती वाटा? ऊसात पसरलेलं पाणी पात्रात परत यायला किती वेळ घेतं? राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर तो लोंढा राजाराम बंधाऱ्यापर्यंत येताना किती चपटा होतो? या प्रश्नांसाठी सेंट व्हेनंट यांनी 1871 मध्ये मांडलेली समीकरणं आजही कामाला येतात. घोडं अडतं ते पात्राची खरी मापं आणि काठाचा खरखरीतपणा ठरवण्यापाशी, आणि ते काम काठावर राहणाऱ्या माणसालाच नीट करता येतं. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळे इथला पूर वाढतो का, यावरून दर पावसाळ्यात वाद पेटतो. त्या वादात भरवशाची मोजमापं घेऊन उभा राहणारा एक तरी प्राध्यापक कोल्हापुरात असावा, असं मला फार वाटतं.

मग बंधारे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव तुमच्या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दिलं. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढायचे. शेतकऱ्यासाठी ती पाणी साठवायची सोय आहे, पण प्रवाहाच्या अभ्यासकाच्या नजरेने पाहिलं तर दरवर्षी ठरल्या वेळी वाहती नदी तळ्यांची माळ होते आणि पुन्हा नदी होते. एवढा मोठा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत उभा करणार? बरगे घातल्यावर वेग मंदावतो, खोली वाढते, हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळायची गती घटते. वरून नाल्यांचं सांडपाणी, कारखान्यांची मळी आलीच. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्ये ओहायो नदीच्या अभ्यासातून दाखवलं, की प्राणवायू सगळ्यात कमी होतो ती जागा सांडपाणी पडतं त्या तोंडाशी नसते, प्रवाहात बरीच पुढे खाली असते. शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या जयंती नाल्याच्या तोंडाशी बाटली भरून ‘ऑक्सिजन ठीक आहे’ असा अहवाल दिला तर तो आकडा खरा असूनही फसवतो. मासे मेल्याच्या बातम्या खालच्या बाजूने, शिरोळ तालुक्यातून येतात, त्यामागे हे गणितही आहे.

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचं पाणी तर आणखी वेगळं. तलावातल्या थरांबद्दलचं बरंचसं पाठ्यपुस्तकी ज्ञान थंड देशांतल्या तलावांवरून आलंय. 30 अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने तापलं तर त्याची घनता घनमीटरमागे साधारण 0.3 किलोने घटते. 5 अंशांजवळ हाच फरक त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. म्हणजे आपल्याकडे वरचं पाणी अंश-दीड अंशाने तापलं तरी ते खालच्या पाण्यावर झाकणासारखं बसतं, आणि रात्री गार वारा सुटला की ते झाकण मोडतं. खालचं कुजकं पाणी वर कधी येतं, शेवाळ कधी फोफावतं, केंदाळाखाली (जलपर्णीखाली) हा खेळ कसा बदलतो, यातलं बरंच पहाटे आणि दुपारी होडीतून दोरीला बांधलेले तापमापक सोडले तरी कळू लागेल.

आणि हवा विसरू नका. थंडीतल्या पहाटे करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गुऱ्हाळापाशी उभे राहा. चुलवाणातून निघालेला चिपाडांचा धूर थोडा वर चढतो आणि मग अंथरुण घातल्यासारखा शिवारावर आडवा पसरतो. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, म्हणून धुराला वर जायला वाट नाही. दहा वाजेपर्यंत ऊन तापलं की तोच धूर वर उडून जातो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला इन्व्हर्जन समजवायला याहून चांगला फळा मला ठाऊक नाही. गुळव्याला विचारलंत तर धूर कधी बसतो आणि कधी उठतो हे तो पुस्तकाविना सांगेल.

हे सगळं चार ओळींत जाहिरातीत यायला हवं होतं: आमचे प्रश्न हे, आमचे विद्यार्थी हे, यांतल्या कुठल्याही एका प्रश्नावर दहा वर्षं खोल उतरायची तयारी असलेला माणूस आम्हाला हवाय, आणि त्यासाठी आम्ही हे देऊ. आता दोन उमेदवार हातात आहेत, तर तिसरी जाहिरात काढायची गरज नाही. पण हीच चार वाक्यं दोघांनाही पत्रातून आधी पाठवा. त्यावर कोण काय लिहून पाठवतं, तिथूनच मुलाखत सुरू होते.

एक कागदी धोका मात्र आत्ताच तपासा. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, नियमांत असिस्टंट प्रोफेसरला संबंधित शाखेतली बी.ई. आणि एम.ई. लागते आणि त्या दोहोंपैकी एकीत प्रथम वर्ग. फ्लुइड डायनॅमिक्सची माणसं मेकॅनिकल, एरोस्पेस, गणित, भौतिकशास्त्र अशा अनेक दारांतून येतात. टर्ब्युलन्सवाल्या तुमच्या उमेदवाराची मूळ पदवी सिव्हिलची आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर निवड झाल्यावर मान्यतेत अडकून त्या तरुणाची सहा महिन्यांची फरपट होईल. आधी लेखी विचारून घ्या.

आता माणसांकडे येते.

तुम्ही दोघांची तुलना ‘कॉम्प्युटरवाला’ आणि ‘नदीवाली’ अशी केली आहे. ही वाटणी मला पटत नाही. सिम्युलेशन करणारा नदीत उतरला नाही म्हणून त्याला नदी कळणार नाही असं नसतं, आणि नदीकाठी जन्म झाला म्हणून नदी कळते असंही नसतं. दोघांनाही त्यांच्या कामाच्या कडेवर नेऊन उभं करणारा प्रश्न विचारा.

त्याला असं विचारा. पंचगंगा संथ दिवशी तीन मीटर खोल आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहते असं धरू. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाहाचा जोर पाण्याच्या चिकटपणापुढे किती मोठा ते सांगणारा आकडा, दहा-वीस लाखांच्या घरात जातो. टर्ब्युलन्सचा प्रत्येक लहान भोवरा मोजायचा म्हटलं तर गणिताचा खर्च साधारण रेनॉल्ड्स नंबरच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणजे ही नदी तशी कुठल्याही यंत्रावर सुटणार नाही. मग तुम्ही काय सोडून द्याल, का सोडून द्याल, आणि सोडल्यामुळे उत्तर किती चुकलं हे कसं ओळखाल? ज्याने फक्त गाइडचा कोड चालवलाय तो इथे सॉफ्टवेअरची नावं सांगू लागेल. ज्याला विषय कळलाय तो खडू हातात घेईल आणि बहुधा तुम्हालाच उलट प्रश्न विचारेल: तळ कसला आहे, वाळूचा की गाळाचा, केंदाळ किती?

तिला असं विचारा. बंधाऱ्याच्या वर नदीत रंग सोडला आणि खाली तासातासाला मोजला, तर आलेख वर भरभर चढतो पण उतरताना शेपटी लांबत जाते. ती का लांबते? कडेच्या संथ पाण्यात, बंधाऱ्याच्या कोपऱ्यांत रंग अडकून राहतो आणि सावकाश बाहेर पडतो, इथवर ती येईलच, कारण तिचा प्रबंधच त्यावर आहे. खरा प्रश्न त्यानंतरचा. तुमच्या बंधाऱ्यावर जे दिसलं ते दुसऱ्या नदीच्या बंधाऱ्याला लागू पडेल का? कुठल्या राशींवरून ठरवाल? एका जागेची मोजणी आणि विज्ञान यांमधलं अंतर तिने पार केलंय का, हे त्या उत्तरात दिसेल.

आणि दोघांनाही हे विचारा: तुमच्या प्रबंधातलं गाइडचं काय आणि तुमचं काय? गाइडने कधीच हात लावला नसता असा एखादा प्रश्न सांगा. पेपरांच्या यादीपेक्षा या एका उत्तरावर मी जास्त विसंबते. नावाजलेल्या प्रयोगशाळेतून आलेल्या तरुणाचे पेपर पहिली दोन वर्षं आपोआप येत राहतात, कारण जुनं काम छापून होत असतं. तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे स्वतःचा प्रश्न आहे की नाही ते उघडं पडतं. मॅनेजमेंटला पेपर हवेत ना, तर त्यांना हेच सांगा. त्यांना पाचव्या आणि सातव्या वर्षीही पेपर हवे असतील.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी अस्वस्थ झाले, त्याबद्दल. ‘तिचं लग्न ठरलंय.’ पहिल्या उमेदवाराचं लग्न झालंय की ठरलंय की व्हायचंय, हे तुम्ही लिहिलंच नाही. त्याच्याबाबत ते तुमच्या मनातही आलं नाही. तुम्ही भल्या हेतूने लिहिलंत हे मला कळतं, पण हीच ती जागा जिथे आपल्या विभागांतून चांगल्या मुली गळतात, आणि कोणी त्यांना सरळ नाही म्हणत नाही. ही गोष्ट सिलेक्शन कमिटीच्या टेबलावर येता कामा नये. त्या विश्वस्तांनी विषय काढला तर तुम्ही, अध्यक्षांची वाट न पाहता, तो तिथेच थांबवा. तिला सासर, पुणे, मूल यांबद्दल एक शब्दही विचारू नका, ‘सहज’ म्हणूनही नको. कोल्हापूर ते पुणे रस्त्याने पाच तासांच्या आत येतं आणि जोडप्यांनी आयुष्य कसं लावायचं ते जोडपी ठरवतात. ‘आपल्या भागातली आहे म्हणून घ्या’ हेसुद्धा तितकंच चुकीचं. शिरोळची असणं ही पात्रता नाही.

त्याच्या मराठीचंही तसंच. गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीकडून मराठी माध्यमातून आलेली मुलं तुमच्या वर्गात आहेत, त्यांना पहिल्या सत्रात अवघड जाईल हे खरं. पण मराठी वर्षभरात येते. मी एका तेलुगू सहकाऱ्याला पाहिलंय, वर्षभर कॅन्टीनमध्ये आणि साइटवर फक्त मराठी बोलत राहिले आणि दुसऱ्या वर्षी मुलांशी वाद घालू लागले. मुलाखतीत ‘मराठी येतं का’ असं विचारू नका. ‘इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला बर्नूलीचं समीकरण कसं समजावाल’ हे विचारा आणि दोघांनाही विचारा. गावाकडच्या मुलीलाही ते जमेलच असं नाही.

मुलाखतीच्या पद्धतीबद्दल थोडं मनातलं सांगते. फार वर्षांपूर्वी एका सिलेक्शन कमिटीत मी बाहेरची तज्ज्ञ म्हणून बसले होते. प्रत्येक उमेदवाराला बारा मिनिटं. एक मुलगा आला, शांत. त्याला फ्राउड नंबरची व्याख्या विचारली, ती त्याने सांगितली. मग कोणीतरी गाळाच्या वहनाचं एक सूत्र तोंडपाठ विचारलं. तो म्हणाला, ‘सूत्र आठवत नाही, पण ते कुठून येतं ते मांडून दाखवू का?’ अध्यक्ष म्हणाले, ‘वेळ नाही.’ मी गप्प बसले. दुसऱ्याची निवड झाली, तोंडपाठवाल्याची. त्या बारा मिनिटांत मी तोंड उघडायला हवं होतं, हे मला आजही सलतं. तुम्हाला एवढं सविस्तर लिहितेय, त्यामागे तेही आहे.

म्हणून प्रत्येकाला एक अख्खा दिवस द्या. वेगवेगळ्या दिवशी, पण दोघांना अगदी सारखा. सकाळी तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर एक तास शिकवू द्या, विषय तुम्ही ठरवा, तुम्ही स्वतः मागच्या बाकावर बसा. तास संपल्यावर मुलांना ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, ‘आज काय कळलं ते चार ओळींत लिहा’ असं सांगा. ते कागद कमिटीपुढे ठेवा. दुपारी विभागातल्या सगळ्यांसमोर पुढच्या पाच वर्षांच्या कामाबद्दल बोलणं, स्लाइडशिवाय, फळ्यावर. स्लाइड काढून घेतल्या की माणूस विचार कसा करतो ते दिसतं. संध्याकाळी पंचगंगा घाटावर किंवा राजाराम बंधाऱ्यावर घेऊन जा. काही विचारू नका. पाण्याकडे बघून तो किंवा ती काय विचारते ते ऐका. कुतूहल उसनं आणता येत नाही, आणि घाटावर ते झाकताही येत नाही.

औपचारिक कमिटी त्यानंतर होईलच. तिच्यातला बाहेरचा तज्ज्ञ खरोखर या विषयातला असू द्या. काँक्रीटचे ज्येष्ठ प्राध्यापक कितीही मोठे असले तरी इथे उपयोगाचे नाहीत. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासून पाण्याचंच काम करतंय, नाशिकला मेरी ही राज्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कोल्हापूर या सगळ्यांच्या मध्ये पडतं. तिथल्या कोणाला तरी बोलवा. त्या निमित्ताने नव्या माणसाची त्यांच्याशी ओळखही होईल.

टिकवण्याचं विचारलंत. टिकवणं नेमणुकीच्या पत्रापासून सुरू होतं. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होतं. ते पूर्ण द्या, जागा कायम आहे हे लेखी द्या. कागदावर एक आणि हातात दुसरं असा प्रकार असेल तर माझा पुढचा सगळा सल्ला वाया. यात नुसता नैतिकतेचा प्रश्न नाही. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे तरुण प्राध्यापकांसाठी अनुदानं असतात, त्यांना नियमित पदावर असणं लागतं. करारावर ठेवलेला माणूस त्या दारापर्यंतही पोचत नाही.

त्यानंतर वेळ. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन हा नियम तुम्हाला माहीत आहे. त्यावर आपण नॅकच्या फायली, परीक्षा विभाग, प्रवेशासाठी गावोगाव फिरणं, स्नेहसंमेलन असं सगळं चढवतो, आणि ते नेहमी नव्याच्याच डोक्यावर येतं कारण तो नाही म्हणू शकत नाही. पहिली तीन वर्षं ही कामं तुम्ही अंगावर घ्या किंवा ज्येष्ठांत वाटा. आठवड्यातला एक दिवस वर्गाविना मोकळा ठेवा, नदीवर जाण्यासाठी. नदी दोन तासांच्या फटीत मोजता येत नाही.

पैशाची धास्ती तुम्हाला वाटते त्याहून कमी आहे. ध्वनीने प्रवाह मोजणारं यंत्र काही लाखांना जातं, ते पहिल्या दिवशी नको, जलसंपदा विभागाशी बोलून मोजणीच्या दिवसापुरतं मिळतंय का बघा. पण ओढ्याचा प्रवाह मिठाचं पाणी सोडून आणि कंडक्टिव्हिटी मीटरने मोजता येतो. तापमापकांची दोरी विद्यार्थी बनवतील. नदीच्या प्रवाहाचं गणित करणारं अमेरिकेच्या आर्मी कोअरचं हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सिम्युलेशनचं ओपनफोम फुकट आहे. खरा खर्च एका चांगल्या तंत्रज्ञाचा आहे आणि एका होडीचा. होडीबरोबर लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मोजून. पुराच्या पाण्यात विद्यार्थी एकटा उतरणार नाही, प्राध्यापकही नाही, हा नियम विभागाच्या भिंतीवर लावा आणि पाळा. 40 फुटांवर गेलेली पंचगंगा कोणाचीही चूक पोटात घालत नाही.

राहिली जाण्याची भीती. पहिला दोन वर्षांत जाईल म्हणून त्याला घ्यायचं नाही, हा विचार सोडा. दोन वर्षांत त्याने मुलांना टर्ब्युलन्स नीट शिकवलं आणि एक प्रयोगशाळा लावून दिली, तर दहा वर्षं खुर्ची अडवणाऱ्यापेक्षा ते कितीतरी जास्त आहे. माणसं जातात ती बहुतेक वेळा काम करू दिलं नाही म्हणून. जोडीदाराची नोकरी, घर, मुलांची शाळा यांत मदत करता येत असेल तर ती नेमणूक झाल्यावर विचारा. दोघांपैकी जो येईल त्याला सारखीच.

शेवटी तुमचा सरळ प्रश्न: कोणाला? पत्रावरूनच सांगायचं तर माझा कल तिच्याकडे आहे. कारण तिचा प्रश्न तुमच्या दारातला आहे आणि ती त्यावर आधीच काही वर्षं घालवून आली आहे. येणाऱ्या विद्यार्थ्याला ती पहिल्या आठवड्यापासून काम देऊ शकेल. पण फळ्यासमोर ती आपल्या एका बंधाऱ्याच्या पलीकडे जाऊ शकली नाही आणि तो घाटावर उभा राहून गाळाबद्दल विचारत राहिला, तर मनात काही न ठेवता त्याला घ्या. ज्याला घेणार नाही त्यालाही स्वतः फोन करा, कारण सांगा, आणि व्याख्यानाला बोलवा. नदीतली मोजणी आणि सिम्युलेशन यांना एकमेकांची गरज पडतेच. पुढच्या वर्षी दुसरी जागा मागताना तुमच्याकडे नाव तयार असेल.

आणि एक घाई मात्र करा. बंधाऱ्यांत बरगे पडायच्या आधी माणूस रुजू होईल असं बघा. बरगे घालण्याआधीचा एक आठवडा आणि नंतरचे दोन, एवढी मोजणी याच हंगामात मिळाली तर नव्या प्राध्यापकाच्या पहिल्या अर्जात स्वतःचे आकडे असतील. नाहीतर वर्षभर थांबावं लागेल.